कोरड्या तळ्याचा पाटकरी

एकनाथरावांशी माझी ओळख त्यांच्या सुनेने करून दिली, आणि तीही एक विनंती घेऊन.

"काकू, तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता ना? आमच्या बाबांना बरोबर न्याल का, प्लीज?" अदिती म्हणाली. "एकटे जातात तर लोकं त्यांचे फोटो काढतात."

मला हसू आलं. तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला. आमच्या वसाहतीतल्या लोकांचं एक अ‍ॅप आहे. हरवलेली मांजरं, विकायला काढलेले सोफे आणि अनोळखी माणसं यांच्याबद्दल तिथे लिहिलं जातं. त्या दिवशी तिथे एकनाथरावांचा फोटो होता. पांढरा शर्ट, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला पंचा, हातात सहा फुटी काठी, आणि एका घराच्या मागच्या भिंतीशी वाकून ते काहीतरी बघताहेत. खाली लिहिलं होतं, 'हा माणूस तीन दिवस भिंतींच्या मागून फिरतो आहे. काठीने मोजमाप घेतो. कोणाच्या ओळखीचा आहे का?'

"बरोबर कुणी बाई असली की म्हातारा-म्हातारी फिरायला आलेत असं वाटतं," अदिती म्हणाली. "एकटा पुरुष म्हणजे ह्यांना डायरेक्ट डाउट."

अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सच्या दक्षिणेला चँडलर नावाचं गाव आहे. चिपच्या कारखान्यांमुळे आपली बरीच माणसं तिथे राहतात. माझी मुलगी हिमानी तिथेच असते, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याचे चार महिने मी तिच्याकडे काढते. हे वाळवंट आहे. दारात हिरवळीऐवजी खडी आणि निवडुंग. जूनमध्ये सकाळी सहाच्या आत फिरून घरात यायचं, नाहीतर चपलेतून पाय भाजतात. गेल्या जूनमध्ये दुसऱ्या दिवसापासून पावणेपाच वाजता एकनाथराव आमच्या फाटकाशी उभे राहू लागले.

माणूस सडपातळ, सत्तरीला एक वर्ष कमी. बोलणं हळू. नमस्कार करताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघायची त्यांची सवय होती. मला वाटलं, विनय असेल. चौथ्या दिवशी खुलासा झाला.

"सवय आहे, बाई. पाण्यात उतरून आलेला माणूस तोंडानं काहीही सांगेल. चिखल खोटं सांगत नाही."

ते श्रीरामपूरकडचे. कालव्यावर पाटकरी म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पाण्याची पाळी कुणाची, किती तासांची, कुणी दार जास्त उघडलं, कुणी शेजाऱ्याच्या चारीत बोळा घालून पाणी आपल्याकडे वळवलं, हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बोळा म्हणजे पाण्याच्या वाटेत कोंबलेली पोती, पाला, गवत. एकाने तर घरातली गादी कोंबली होती. अशा नोकरीत कुणावर विश्वास ठेवून चालत नाही. सख्ख्या साडूच्या बोळ्याचा त्यांनी पंचनामा केला होता, आणि त्यापायी त्यांची मेहुणी आठ वर्षं त्यांच्या घरी जेवली नव्हती.

"मग बायको काय म्हणाली?" मी विचारलं.

"बायको म्हणाली, तुम्ही देवाच्या अभिषेकालाही पाळी लावाल." ते थोडं चालले. "चांगली होती. चार वर्षं झाली तिला जाऊन."

एखादी गोष्ट ते आज एका तऱ्हेने विचारत आणि दोन दिवसांनी दुसऱ्या तऱ्हेने. दोन्ही उत्तरं जुळली तरच मान हलवत. माझ्या गावाचं नाव त्यांनी मला तीनदा विचारलं होतं.

आमच्या वसाहतीच्या मधोमध एक खोलगट हिरवळ आहे. कमरेच्या थोडी वर खोल, कडेने उतार. सगळे तिला ग्राउंड म्हणतात. शनिवारी पहाटे आपली मुलं तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात. एकनाथरावांचा मुलगा सिद्धेश त्यांचा कप्तान. मी तीन उन्हाळे त्या ग्राउंडला फेऱ्या मारल्या होत्या. एकनाथरावांनी पहिल्याच फेरीला सांगितलं, "बाई, हे तळं आहे."

"इथे कुठलं पाणी?"

"ते बघा, चार पाइपांची तोंडं. रस्त्यांचा उतार इकडे. सगळ्या वसाहतीचं पाणी इथं आणून सोडलंय." त्यांनी काठीने एकेक तोंड दाखवलं. मग काठी खाली टेकवून ते बराच वेळ हिरवळीकडे बघत राहिले. "येतं कुठून ते दिसतंय. जातं कुठून ते दिसत नाही. जे दिसत नाही, ते कुणीतरी दिसू दिलेलं नसतं."

फूटपाथच्या कडेला वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची एक पाटी होती. ती मी त्यांना वाचून दाखवली. पावसाचं पाणी साठवण्याची जागा, पाणी छत्तीस तासांत जमिनीत जिरतं, पोहू नये. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावली आणि खिशातल्या डायरीत 'छत्तीस' लिहून घेतलं.

ग्राउंडच्या सगळ्यात खालच्या अंगाला वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या विधुर गृहस्थांचं घर होतं. वय ऐंशीच्या जवळ, पाठ ताठ, सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीचा मग घेऊन उभे. त्यांच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं, ते थेट ग्राउंडवर उघडायचं. आणि सगळ्या वसाहतीत काटे नि खडी असताना ह्यांच्या अंगणात पेकान या अक्रोडासारख्या फळाची दोन मोठी हिरवीगार झाडं.

"कशावर जगतात ही?" एकनाथरावांनी विचारलं.

"पाणी घालत असतील."

"घालत असतील. पण कुठलं?"

अ‍ॅपवरचा फोटो त्या खिडकीतूनच काढलेला होता. कोनावरून एकनाथरावांनी ते आधीच ओळखलं होतं. म्हणाले, "जो दुसऱ्याचा फोटो काढतो, तो स्वतःकडचं लक्ष उडवत असतो."

इथेही पावसाळा असतो. जून ते सप्टेंबर. पण मागचे दोन उन्हाळे तो आलाच नव्हता. जुलैच्या तिसऱ्या रविवारी दुपारी आधी क्षितिजावर तांबडी भिंत उभी राहिली, ती धुळीची होती. ती अंगावरून गेली आणि मागून चाळीस मिनिटं पाऊस कोसळला. जमीन इथली फरशीसारखी कडक. पाणी मुरत नाही, नुसतं पळतं. तासाभरात ग्राउंडचं तळं झालं. लोक घराबाहेर येऊन फोटो काढत होते. कुणीतरी प्लास्टिकचं बदक सोडलं.

एकनाथराव पाण्याच्या कडेला उभे होते. त्यांनी आणखी एक काठी आणून रोवली, पाण्याच्या पातळीला चाकूने खूण केली, आणि डायरीत वेळ टिपली. सोमवारी सकाळी खूण तपासली. संध्याकाळी तपासली. मंगळवारी पहाटे छत्तीस तास झाले तेव्हा पाणी दोन बोटं उतरलं होतं.

"दोन बोटं तर ऊन पितं," ते म्हणाले. "जमिनीनं घोटभरही घेतलेलं नाही."

त्यांच्याकडे गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी होती. श्रीरामपूरहून कपड्यांच्या घडीत आणलेली. तिचं एक टोक मला धरायला लावून त्यांनी पाण्याची पातळी आणि वॉल्टरच्या फाटकाचा उंबरा यांतलं अंतर काढलं. वीतभरापेक्षा थोडं जास्त.

"रविवारसारखा एक पाऊस पुन्हा आला, की पाणी ह्या फाटकातून आत. दुसरीकडे जायला जागा नाही."

पुढचा पाऊस गुरुवारी होता, असं हवामानवाले सांगत होते. सोमवारी रात्रीच मी हिमानीकडून असोसिएशनला मेल करवली होती. उत्तर आलं होतं की तक्रार नोंदवली आहे, दहा कामाच्या दिवसांत माणूस येईल. सिद्धेशलाही बापाने विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबा, इट्स अ पार्क. ते बघून घेतील. तुम्ही रिटायर झालात ना? चिल करा."

तर मंगळवारी सकाळी सव्वासहाला एकनाथराव पँट गुडघ्यावर दुमडून पाण्यात उतरले. मी काठावर त्यांच्या चपला सांभाळत उभी. ते काठीने तळ ठोकत रेषेत पुढे जात, वळत, पुन्हा रेषेत येत, वाफे पाडल्यासारखे. मधल्या भागात काठीचा आवाज बदलला. त्यांनी तिथे पाऊल फिरवलं, मग वाकून हात घातला. पाणी पार खांद्यापर्यंत आलं.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. एवढ्या दिवसांत असा मी पाहिला नव्हता.

"खाली जाळी आहे. मोठी, लोखंडी. पाणी खोल जमिनीत जायची वाट तीच. तिच्यावर फळी बसवलीय, फळीवर सतरंजीसारखं काहीतरी. खिळे मारलेत." ते थांबले. "बोळा आहे, बाई. अमेरिकेत बोळा आहे."

"मग काढा की."

"नाही."

मला कळेना. ते माझ्याकडे थोडं दयेनेच बघून म्हणाले, "बोळा दिसला की हात लावायचा नाही. आधी दोन पंच, आधी पंचनामा. नाहीतर काढणाऱ्यावरच आळ येतो. आणि बोळा निघाला की चोर गेला. तो हमखास बघायला येतो, बसलाय ना नीट, थांबलंय ना पाणी. आज संध्याकाळी बसू."

"पण पाऊस?"

"गुरुवारी आहे. उद्या पहाटे काढला तरी दीड दिवस मिळतो."

हिशेब बरोबर वाटत होता. मीही हो म्हटलं. ते इथे लिहून ठेवायला हवं.

संध्याकाळी सहाला आम्ही बाकावर बसलो. मी विणकाम नेलं होतं, त्यांनी डायरी. पाऊण तासाने वॉल्टरच्या भिंतीतलं फाटक करकरलं. हातात फावडं, काखेत रिकामी पोती.

"आला," एकनाथराव ओठ न हलवता म्हणाले.

वॉल्टरने आम्हाला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खिशातून फोन काढला, आमच्याकडे धरला, परत ठेवला. मग ते कडेची माती पोत्यांत भरू लागले. पोतं भरलं की फरफटत फाटकाशी न्यायचं, उंबऱ्याला लावून रचायचं, आणि मधूनमधून पाण्याकडे वळून बघायचं. जाळीच्या दिशेला ते एकदाही गेले नाहीत. चौथ्या पोत्याला ते भिंतीला हात टेकून उभेच राहिले.

एकनाथरावांनी डायरीत लिहायला सुरुवात केली होती. दोन ओळींनंतर पेन थांबलं.

"हा बांध घरापुढे घालतोय," ते म्हणाले.

"हो."

"पाणी चोरणारा माणूस पाणी आत घेतो, बाई. ह्याला पाणी आत यायला नकोय. हा भ्यालाय." डायरी त्यांनी मिटली. "मग कोण?"

उजेड होता. ते पुन्हा पाण्यात उतरले, वॉल्टर बघत असताना, आणि चाकूने सतरंजीचा कोपरा कापून बाहेर आले. तो तुकडा त्यांनी तळहातावर ठेवला. प्लास्टिकचं हिरवं गवत होतं. पाती थोडी वळलेली, खाली काळं रबर.

मी ते गवत पाहिलं होतं. सिद्धेशच्या मागच्या अंगणात, झोक्याखाली. एकनाथरावांनीही पाहिलं होतं. ते रोज सकाळी त्यावर बसून चहा पीत. मग ते चपला घालत म्हणाले, "बाई, चहाला चला आमच्याकडे. पंच म्हणून."

घरी गेल्यावर ते आधी मागच्या अंगणात गेले. मी दारातून बघत होते. कापलेला तुकडा त्यांनी तिथल्या गवताच्या कडेला लावून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि खिशात घातला. मग टेबलाशी येऊन बसले. सिद्धेश नुकताच ऑफिसातून आला होता.

"तुमच्या खेळात," एकनाथराव सहज म्हणाले, "बोलर पळत येतो तो कुठून?"

बापाने क्रिकेटबद्दल विचारलेलं सिद्धेशला नवीन असावं. तो खुश झाला. दोन चमचे आणि मिठाची बाटली घेऊन त्याने ग्राउंड मांडलं. "हे विकेट. इथून रन-अप. कबीरचा तर पार इथून."

"वाटेत काही लागत नाही पायाला?"

"लागायचं. मेटलची एक ग्रिल होती मधेच. कबीरचा पाय अडकून मुरगळला ना मार्चमध्ये. मग आम्ही कव्हर केली."

"कशानं?"

"प्लायवूड. वर आपलं हे उरलेलं टर्फ. एकदम प्रॉपर काम केलंय बाबा, चार-चार इंची खिळे, खालून वायरनं बांधलंय. कळतसुद्धा नाही तिथे काही आहे." एवढं बोलून त्याने वर पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. "का? काय झालं?"

एकनाथरावांनी तो तुकडा टेबलावर ठेवला.

"ती ग्रिल काय आहे असं वाटलं तुला?"

"आय डोन्ट नो. सीवर-लाइनचं झाकण, युटिलिटीचं काहीतरी. आम्ही इथे आल्यापासून एक थेंब पाऊस नव्हता, बाबा."

कबीर, सिद्धेश, बाकीची मुलं, सगळी नखाएवढ्या चिपवर लाखो वाटा आखणारी. त्या जाळीखाली काय आहे हे त्यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. पण मी स्वतः तीन उन्हाळे तिच्याशेजारून फिरले होते, मीही विचारलं नव्हतं.

"उद्या पहाटे काढतो," सिद्धेश म्हणाला. "कुणाला कळायच्या आत."

"कळायच्या आत का?"

"बाबा, ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. कंप्लेंट, पोलीस, असलं काहीही नकोय मला आत्ता. काढलं की विषय संपला."

"अहो बाबा, नका ना वाढवू," अदिती म्हणाली.

एकनाथरावांनी वाढवलं नाही. चहा पिऊन ते आपल्या खोलीत गेले. मला पोचवायला आले नाहीत, हे त्यांच्या रिवाजात बसणारं नव्हतं.

बुधवारी पहाटे पाचला सिद्धेश, कबीर आणि आणखी दोघे कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून पहारेने खिळे उपटत होते. "यार, कोणी मारलेत एवढे?" कबीर म्हणाला. "तूच," सिद्धेश म्हणाला. फळी सुटून वर आली आणि तिच्याजागी पाणी गोल फिरू लागलं. एकनाथराव काठावर खुणेच्या काठीशी होते. साडेसहाला पाणी बोटभर उतरलं. दुपारी दोनला चार बोटं. चार महिन्यांचा पाला आणि माती फळीच्या कडांनी खाली जाऊन बसली होती, म्हणून पाणी सावकाश जात होतं. तरी जात होतं.

आणि बुधवारीच संध्याकाळी पाच वाजता धुळीची भिंत पुन्हा उभी राहिली. गुरुवारचा पाऊस एक दिवस आधी आला.

तो रविवारपेक्षा लहान होता. तळं निम्मं जरी रिकामं असतं तरी पुरलं असतं. एकनाथराव ग्राउंडकडे उघडणाऱ्या आमच्या पडवीत छत्री न उघडता हातात धरून उभे होते. "काल सकाळी काढली असती," ते एकदा म्हणाले. पाणी वॉल्टरच्या पोत्यांना लागलं, पोत्यांच्या फटीतून झिरपलं, मग फाटकाखालून आत गेलं. अर्धा तास तसंच. त्यानंतर पाऊस थांबला, जाळी पाणी पीत राहिली, आणि सकाळी ग्राउंडवर नुसता चिखल होता.

गुरुवारी सात वाजता एकनाथराव आमच्या दारात आले. धुतलेला शर्ट, डोक्याला पंचा नाही.

"बाई, वॉल्टरकडे जायचंय. मला इंग्रजी पुरणार नाही."

"सिद्धेशला बोलवायचं का?"

"त्याला सांगितलंय मी जातोय म्हणून. यायचं का ते त्यानं ठरवावं."

वॉल्टरने आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच ठेवलं. ते अनवाणी होते आणि पँटचे पाय ओले होते. मागे खोलीत गालिचा अर्धा उलटलेला, पंखा जमिनीवर लावलेला.

एकनाथराव एकेक वाक्य बोलत आणि माझ्यासाठी थांबत.

"पाणी जायच्या जाळीवर फळी होती. ती माझ्या मुलानं बसवली, मार्चमध्ये. खेळायला. त्याला ती कशाची जाळी आहे ते माहीत नव्हतं."

मी सांगितलं.

"ती मला मंगळवारी सकाळी सापडली. मी ती बुधवार सकाळपर्यंत तशीच ठेवली. तो दिवस माझा."

वॉल्टरने मला विचारलं, "का ठेवली?"

"तुम्हाला पकडायचं होतं," एकनाथराव म्हणाले.

चौतीस वर्षं वर्गात मुलांचं पालकांना आणि पालकांचं मुलांना सांगताना थोडं मऊ करून सांगायची मला सवय लागली आहे. मी शब्द शोधत होते. एकनाथराव माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बाई, जसं आहे तसं सांगा. गाळू नका."

मी जसं होतं तसं सांगितलं. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं.

"मी ते पाणी घेऊन काय करणार होतो, असं ह्यांना वाटलं?"

"झाडांना," एकनाथराव म्हणाले, मी भाषांतर करायच्या आधीच. एवढं त्यांना समजलं होतं.

वॉल्टरने मान वळवून पेकानच्या झाडांकडे पाहिलं. "ती नळाच्या पाण्यावर आहेत. सकाळ-संध्याकाळ पाइप धरतो मी. तीस वर्षं झाली." मग ते एकनाथरावांकडे वळले. "आणि मला वाटत होतं, हा माणूस तांब्याच्या तारा चोरायच्या जागा हेरतोय. मी असोसिएशनला दोनदा फोन केला."

मी भाषांतर केलं. एकनाथराव गंभीरपणे म्हणाले, "बरोबर केलंत. काठी घेऊन फिरणाऱ्याला विचारायलाच पाहिजे."

"मार्चमध्ये त्या पोरांना ठोकताना मी ह्या खिडकीतून बघितलं होतं," वॉल्टर म्हणाले. "वाटलं, असोसिएशननंच काम दिलं असेल. त्यांना विचारलं नाही. तुमचा मात्र फोटो काढला." आणि त्यांनी जाळीच्या दाराची कडी काढली.

गालिचा ओला असला की दोन माणसांना उचलत नाही. आम्ही तिघांनी तो कसाबसा पडवीपर्यंत ओढला. साडेआठच्या सुमाराला सिद्धेश आला. ऑफिसच्या कपड्यांत, हातात पाणी ओढायचं भाड्याचं मशीन, मागे कबीर. तो वॉल्टरसमोर उभा राहून सॉरी म्हणाला, नीट, पूर्ण वाक्यात. घरातल्या जिप्समच्या भिंतीचा भिजून फुगलेला खालचा भाग बदलावा लागेल, तो मी करून देतो, म्हणाला.

"वडिलांनी पाठवलं?" वॉल्टरने विचारलं.

"नो सर. मीच आलो."

ते कितपत खरं, मी सांगू शकत नाही. पण मशीन लावताना त्याचे नवे बूट चिखलात गेले आणि एकनाथरावांनी त्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं.

पुढचे दोन शनिवार मुलांनी वॉल्टरच्या भिंतीवर काम केलं. तक्रार झाली नाही. वॉल्टरने असोसिएशनला जे पत्र लिहिलं त्यात जाळीचं लिहिलं, नावं लिहिली नाहीत. जाळी साफ झाली, तिला पिवळा रंग लागला, आणि मुलांनी खेळपट्टी आडवी फिरवून घेतली.

एकनाथराव मात्र एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एक पाळीपत्रक केलं. प्रत्येक पावसानंतर तासाभरात दोघांनी जाऊन जाळी बघायची, पाणी किती उतरलं ते लिहायचं, सही करायची. दोघे एका घरचे नकोत. शक्यतो मित्रही नकोत.

"बाबा, एवढा अविश्वास?" सिद्धेश म्हणाला.

"विश्वासावर जाळी चार महिने बंद होती," एकनाथराव म्हणाले. "एकानं जाळी बघायची. दुसऱ्यानं बघणाऱ्याला बघायचं."

कबीरची पाळी त्यांनी एका तेलुगू मुलाबरोबर लावली, ज्याच्याशी त्याचं एका झेलावरून पटत नव्हतं. पहिली पाळी स्वतःची आणि वॉल्टरची.

ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आली. पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. वॉल्टर रबरी बूट घालून आपल्या फाटकातून उतरले, एकनाथराव पँट दुमडून पलीकडून. मी बाकावर होते. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत होतं. एकनाथरावांनी जाळीवर पाऊल फिरवलं आणि ठीक आहे अशी मान हलवली. वॉल्टर तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनीही आपला बूट तिथे फिरवून पाहिला. डायरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेली. वॉल्टरने सही केली, काहीतरी म्हणाले, आणि दोघे आपापल्या काठाला चढले.

एकनाथराव माझ्यापाशी येऊन पाय पुसू लागले.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"पाणी उतरतंय." ते पलीकडे फाटक लावणाऱ्या वॉल्टरकडे बघत होते. आवाज खाली आला. "पण बाई, सही करताना त्यानं घड्याळ बघितलं नाही. मी लिहिलेली वेळ तशीच मान्य केली. पुढच्या वेळी तुम्ही जरा लक्ष ठेवा."